भागानगर, हैदराबाद आणि मोगलाई

हैदराबाद मेट्रोच्या हिरव्या मार्गावर मुशीराबादला गाडीत बसा. आरटीसी क्रॉसरोड्स, चिक्कडपल्ली, नारायणगुडा, सुलतान बाजार अशी एकामागून एक स्थानके येतात. त्या नावांच्या शेपटांकडे कान द्या. पल्ली म्हणजे तेलुगूतले खेडे. गुडा म्हणजे वस्ती. आपल्या चंद्रपूरच्या जिवती भागातही कोलामांच्या वस्त्यांना गुडाच म्हणतात. बाजार आणि आबाद आले फारसीतून. आबाद म्हणजे नांदते, भरलेले. सगळे कुशल असले की मराठी माणूस 'आबादीआबाद' म्हणतो, तेव्हा हाच शब्द त्याच्या तोंडी असतो. हैदर म्हणजे सिंह, हजरत अलींची उपाधी. त्या नावाने नांदते झालेले शहर ते हैदराबाद.

पण आपल्या पूर्वजांनी या शहराला बराच काळ वेगळ्याच नावाने हाक मारली: भागानगर. मुहम्मद कुली कुतुबशहाने 1591 साली ते वसवले. भागमती नावाच्या त्याच्या प्रियेवरून नाव पडले अशी लोककथा आहे. काही इतिहासकार ते 'बाग' या शब्दाशी जोडतात. 1677 मध्ये शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला गेले, ते सभासदाच्या बखरीत भागानगरलाच जातात.

त्या भेटीतला यजमान होता अबुल हसन कुतुबशहा, म्हणजेच तानाशहा. कारभार मादण्णा आणि आकण्णा या भावांवर सोपवणारा, संगीताचा शौकीन, सुफी गुरूचा शिष्य. हिंदीतला 'तानाशाह' हा शब्द याच्याच नावावरून आला, असे अनेक जण मानतात. किती थक्क करणारा प्रवास! मोर्चात आपण 'तानाशाही नहीं चलेगी' म्हणून गर्जतो, तो शब्द अशा माणसाच्या नावाचा. 1687 मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि त्याला दौलताबादच्या किल्ल्यात डांबले. कैदेतच तो वारला. त्याची कबर आपल्याच खुलताबादेत आहे.

गोवळकोंड्याचे नावही दूर गेले. मूळ तेलुगूत गोल्ला कोंडा, गवळ्यांची टेकडी. इंग्रजीत मात्र 'गोलकोंडा' म्हणजे अखंड संपत्तीची खाण. त्या टेकडीत हिरा कधी सापडला नाही. हिरे निघायचे कृष्णाकाठी, कोल्लूरसारख्या खाणींत. येथे होता तो त्यांचा बाजार.

मला मात्र सगळ्यांत विलक्षण वाटतो तो आपला मराठी शब्द, 'मोगलाई'. 1724 मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामउल्मुल्काने मुबारिझखानाला हरवले आणि दख्खन ताब्यात घेतली. नावाला तो दिल्लीच्या मोगलांचा सुभेदार. म्हणून मराठी कागदांत निजाम 'मोगल' झाला आणि त्याचा मुलूख 'मोगलाई'. राजधानी औरंगाबादेहून हैदराबादला हलली, 1857 नंतर दिल्लीची मोगल गादीही संपली, तरी बार्शी-सोलापूरकडची माणसे सरहद्दीपलीकडच्या गावाला मोगलाईच म्हणत राहिली. मुलगी 'मोगलाईत दिली' म्हणजे निजामाच्या हद्दीत दिली. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. शब्दाचा दुसरा अर्थ मागे उरला. कुणी दांडगाईने वागला की आजही आपण विचारतो, 'ही काय मोगलाई लागून गेली का?' दिल्लीच्या एका घराण्याचे नाव हैदराबादच्या मुलखाला चिकटले आणि तिथून मराठी घराघरांतल्या भांडणापर्यंत पोचले.

सोलापूर, नगर, बुलढाणा या पट्ट्यात तुमच्या घरी कुणी जुने माणूस अजून 'मोगलाईतले गाव' म्हणत असेल, तर ते गाव कोणते ते विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. सरहद्द पाहिलेली ती पिढी आता नव्वदीच्या घरात आहे.