बाळाचे लसीकरण : माहेर ते सासर

आमच्या लसीकरण कक्षात एक प्रसंग वारंवार घडतो. चार-पाच महिन्यांचे बाळ घेऊन आई येते. कार्ड माहेरी राहिलेले, दोन तारखा टळलेल्या. "आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?" असे ती संकोचाने विचारते. या शंकेपोटी अनेक पालक येण्याचेच टाळतात, म्हणून येथे सविस्तर खुलासा करणे आम्हास अगत्याचे वाटते.

जन्मतः बी.सी.जी., पोलिओ व हिपॅटायटिस-बी या लसी देतात. हिपॅटायटिस-बीची मात्रा चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते, कारण प्रसूतिसमयी मातेकडून बाळास संसर्ग होऊ शकतो. ती वेळ टळली की ही विशिष्ट मात्रा देता येत नाही. त्यानंतर दीड, अडीच व साडेतीन महिन्यांस पेंटाव्हॅलंट, पोलिओ व रोटाव्हायरसच्या मात्रा असतात. दीड व साडेतीन महिन्यांस न्यूमोकोकल लस व पोलिओचे इंजेक्शनही असते. अडचण नेमकी येथेच उद्भवते. सव्वा महिना झाल्यावर पहिली फेरी माहेरी पार पडते. पुढच्या दोन फेऱ्यांच्या सुमारास आई-बाळ सासरी परततात आणि नव्या गावी तारखेची आठवण देणारे कोणी नसते.

अशा वेळी घेतलेली मात्रा वाया जात नाही. वाणिज्य शाखेच्या आमच्या भाषेत सांगावयाचे तर ती खात्यात जमाच असते. केवळ उर्वरित मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने द्यावयाच्या असतात. मात्र उशिराच्या काळात बाळ असुरक्षित राहते, आणि डांग्या खोकला सर्वाधिक घातक ठरतो तो पहिल्या काही महिन्यांतच.

गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच का, असेही विचारले जाते. मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे तोवर लसीचा प्रभाव कमी करतात. या लसीची अनेक मात्रांची कुपी विरघळवल्यावर चार तासांत संपवावी लागते. एका बाळासाठी ती उघडणे हिशेबनिसाला पूर्वी खटकत असे. आता आम्ही विनातक्रार उघडतो.

किरकोळ सर्दी वा सौम्य ताप असल्यास लस पुढे ढकलण्याचे सहसा कारण नसते. कार्ड हरवले असल्यास, जेथे लस दिली तेथील नोंदवहीवरून दुसरे तयार करता येते. प्रसूतीनंतर घरी सोडताना आम्ही आता माहेर व सासर असे दोन्ही पत्ते नोंदवून घेतो.