ससा रात्रपाळीला का बसतो

डिचोलीला माझ्या बहिणीकडे ससा येऊन पाच महिने झाले. रात्री दीडच्या सुमाराला पिंजऱ्याची तार खडखडते, मग वाटी उपडी होते, मग मागच्या पायाचा दणका, धप्प! भावोजी उठतात, बिस्किटाचा तुकडा आत सरकवतात. शांतता. दुसऱ्या रात्री पुन्हा दीडला खडखडाट. "निशाचर जनावर, त्याला काय करणार?" असं भावोजी म्हणतात. जनावर कसलं, बिस्किटाची ही सवय भावोजींनीच लावली आहे.

ससा निशाचर, हा समज पेडणे-डिचोलीत घट्ट बसायला कारणही आहे. काजूच्या बागेत, सड्यावर रात्री गाडीच्या उजेडात आडवा गेलेला ससा इथे अनेकांनी पाहिलेला असतो. पण तो वेगळा प्राणी. त्याच्या मानेवर काळा डाग असतो, तो बीळ खणत नाही, गवतात खळगा करून बसतो आणि त्याची पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस अशीच जन्मतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे. बागेत सापडलेलं पिल्लू कुणी कौतुकाने आणून दिलं, तरी ते पाळायचं नाही. दुकानात मिळणाऱ्या सशाचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. तो बिळात राहणारा, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. गोव्यात कुएल्हो आडनावाची माणसं आहेत, त्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच ससा.

हा पाळीव ससा सर्वांत तरतरीत असतो तो तांबडं फुटताना आणि दिवस मावळताना. मग दीडचा गोंधळ कसला? त्यात आपल्या हवेचा हात आहे. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांतून बाहेर टाकतो. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला सोसवत नाही. एप्रिल-मेमध्ये तो दिवसभर गार लादीवर अंग टाकून पडतो. संध्याकाळी जाग येते तेव्हा घरात मालिका चालू आणि पिंजरा बंद. रात्री गारवा आला, की अंगातला साठलेला जोर तारेवर निघतो.

म्हणून उपाय रात्री नाही, संध्याकाळी करायचा. पंख्याच्या आणि चार्जरच्या वायरी उचलून ठेवा आणि दिवेलागणीपासून त्याला दोन-तीन तास मोकळा सोडा, पहाटे पुन्हा. पिंजऱ्याखाली जाड रबराची चटई घाला, उलटणार नाही अशी जड दगडी वाटी ठेवा, आणि झोपण्याआधी सशाच्या आकाराएवढा वाळल्या गवताचा ढीग द्या. रात्रभर चघळायला काहीतरी हवंच.

"दात वाढतात म्हणून तार चावतो," हे अर्धंच खरं. पुढचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त; पण ते झिजवायला गवत पुरतं. तार चावतो तो कंटाळून, किंवा बिस्किटासाठी. तारेने दात वाकडे होतात, ते वेगळंच. आणि भाताचा पेंढा म्हणजे गवत नव्हे. त्यात पोषण फारसं नसतं. पावसाळ्यात गवताला बुरशीचा वास आला, तर सरळ फेकून द्या. गाजर ही सशाच्या लेखी मिठाई.

पायाचा दणका हा मात्र खोडसाळपणा नाही. तो धोक्याचा इशारा आहे. कौलांवर उदमांजर चालत असेल, खिडकीशी बोका बसला असेल, परसात धामण फिरत असेल. आपल्याला ऐकू येण्याआधी त्याला कळलेलं असतं. नरकासुराच्या रात्री तर फटाके आणि लाऊडस्पीकर पहाटेपर्यंत. त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत न्या, तीन बाजू झाका. चारही बाजू झाकून "आता झोपेल" म्हणणं आपल्या दमट हवेत त्याला गुदमरवणं आहे.

मादी रात्री कोपरे खणू लागली आणि स्वतःचे केस उपटून तोंडात धरू लागली, तर ती घरटं करते आहे. दुकानदाराने "दोन्ही माद्याच" सांगितलं असलं तरी. गाभण काळ जेमतेम एक महिन्याचा, तेव्हा खातरजमा लवकर करा. आणि मऊ लेंड्या परत खाताना दिसला तर घाबरू नका. त्यांतली जीवनसत्त्वं दुसऱ्या फेरीत त्याच्या अंगी लागतात.

भावोजींनी बिस्किट बंद केलं. पहिल्या चार रात्री खडखडाट दुप्पट झाला. तसा तो होतोच, तिथेच बहुतेक जण हार मानतात. पाचव्या रात्री काहीच आवाज नाही. मग बहीण घाबरली, आणि तेही बरोबरच. गवताला तोंड लावलेलं नाही, लेंड्याही नाहीत, असं दहा-बारा तास चाललं, तर सशाची आतडी थंडावलेली असतात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. तो ससा हाताळणारा हवा, केवळ गुरांचा नव्हे, म्हणून आधीच शोधून ठेवलेला बरा.

आता दीडला बहीण उठते. टॉर्च मारते, गवताचा ढीग खचलेला दिसला, की परत झोपते.