कार्डिफचं पत्र : पुस्तकापायी वाळीत

कार्डिफ – गॅरेथ एडवर्ड्‌स कोण, हे वेल्समध्ये कुणाला सांगावं लागत नाही. ग्वाइन-काय-गरवेन गावातल्या खाणकामगाराचा हा मुलगा १९६७ ते १९७८ या काळात वेल्सकडून सलग ५३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. एकही चुकला नाही. निवृत्त होताच त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्याचे पैसे घेतले, आणि रग्बी युनियनच्या जगाने त्याला वाळीत टाकलं. खेळ हौशी होता. खेळातून, अगदी खेळावरच्या पुस्तकातूनही, पैसा घेणारा व्यावसायिक ठरायचा. मग त्याला कुठल्या क्लबाकडून खेळता येत नसे, पोरांना शिकवता येत नसे, की समितीवर बसता येत नसे. १९७३ साली बार्बेरियन्स संघातून खेळताना न्यूझीलंडविरुद्ध त्याने कार्डिफच्या मैदानावर केलेला ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) आजही पुन्हापुन्हा दाखवतात. त्याच माणसाला गावातल्या मुलांच्या संघाला चार गोष्टी सांगायची मनाई होती.

पुस्तक आलं तेव्हा वेल्सचेच खेळाडू फिल बेनेट यांच्यावरही हीच पाळी आली. त्यांचे सहकारी जे. पी. आर. विल्यम्स पेशाने अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांनी १९७९च्या आपल्या आत्मचरित्राचं उत्पन्न ब्रिजएंडच्या क्रीडा-दुखापत केंद्राला दिलं आणि ते पुढेही खेळत राहिले. १९९५मध्ये रग्बी युनियनने व्यावसायिक खेळाला दार उघडलं, तेव्हा कुठे हा प्रकार संपला.

वेल्सला पुस्तकांचं वावडं आहे असा याचा अर्थ नव्हे. उलट, इथे आपल्या देशाचा इतिहास समजून घ्यायचा तर खेळाच्या पुस्तकांना फाटा देऊन चालत नाही. २०२१च्या जनगणनेनुसार वेल्सची वस्ती ३१ लाख, म्हणजे २०११च्या मोजणीतल्या पुणे शहराएवढी. स्वतःचं निवडून आलेलं विधिमंडळ या देशाला मिळालं ते थेट १९९९ साली. त्याआधीची शंभरएक वर्षं ‘वेल्स’ नावाने जगासमोर उभं राहायला फारशा जागाच नव्हत्या. लाल जर्सी घातलेला संघ ही त्यांतली सर्वांत मोठी.

हे सगळ्यांत नेमकं मांडलं आहे ‘फील्ड्‌स ऑफ प्रेज’ या ग्रंथात. वेल्श रग्बी युनियनची स्थापना १८८१ची. शताब्दीनिमित्त निघालेला हा अधिकृत इतिहास १९८०मध्ये वेल्स विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने छापला. डेव्हिड (डाय) स्मिथ आणि गॅरेथ विल्यम्स हे लेखक दोघेही इतिहासाचे अभ्यासक. नाव डिलन टॉमसच्या ‘फर्न हिल’ कवितेतलं. संस्थांचे गौरवग्रंथ कसे असतात ते आपण जाणतो : पदाधिकाऱ्यांचे फोटो, सामन्यांच्या याद्या, गोडगोड प्रस्तावना. या दोघांनी मात्र कोळशाच्या खाणींपासून सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेच्या दऱ्यांमध्ये कामाच्या शोधात बाहेरून माणसं लोटत होती, त्यांतले कितीतरी इंग्लंडमधले. या सरमिसळ झालेल्या वस्तीला ‘आपण वेल्श’ ही ओळख ज्या गोष्टींनी दिली, त्यांत रग्बी अग्रभागी होती, असं त्यांचं म्हणणं.

१६ डिसेंबर १९०५चा सामना याचा पुरावा. दौऱ्यात तोवर कुणाकडूनही न हरलेला न्यूझीलंडचा संघ कार्डिफला आला. पाहुण्यांनी हाका नाच केला. उत्तरादाखल वेल्सच्या खेळाडूंनी आपलं राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळं मैदान गाऊ लागलं. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणण्याची सुरुवात इथूनच झाली असं मानतात. टेडी मॉर्गनच्या एकमेव ट्रायवर वेल्स ३-० जिंकलं. बॉब डीन्सने रेषेपलीकडे चेंडू टेकवला होता की नव्हता, यावर न्यूझीलंडमध्ये अजून वाद घालतात.

पण प्रत्येकाला त्या लाल जर्सीत जागा नव्हती. उत्तर इंग्लंडमधल्या ‘रग्बी लीग’ या रग्बीच्या दुसऱ्या प्रकारात उघडपणे पैसे मिळत. बेकारीच्या काळात वेल्सचे खेळाडू तिकडे गेले आणि युनियनने त्यांच्या तोंडावर कायमचं दार लावलं. रॉबर्ट गेट यांनी १९८०च्या दशकात ‘गॉन नॉर्थ’ हा दोन खंडांचा ग्रंथ लिहून या ‘गद्दारांची’ नोंद जपली, हे मोठं काम. कार्डिफच्या गोदीलगतच्या ब्यूटटाउनचा बिली बोस्टन त्यांतलाच. वडील सिएरा लिओनचे. १९५३मध्ये तो विगन क्लबकडे गेला आणि त्या एका क्लबासाठी त्याने ४७८ ट्राय केले. युनियनच्या वेल्स संघातून तो कधीच खेळला नाही. तो आणि त्याच्यासारखेच लीगमध्ये खेळलेले क्लाइव्ह सलिव्हन व गस रिसमन यांचा पुतळा कार्डिफमध्ये उभा राहिला तो २०२३ साली.

आतल्या लोकांनाही हा खेळ कसा दूर ठेवू शकतो, ते कारविन जेम्स यांच्या चरित्रांतून दिसतं. अॅलन रिचर्ड्‌स यांच्या आठवणी १९८४च्या, तर अलन गिबर्ड यांचं ‘इनटू द विंड’ २०१७चं, ‘अ लोल्वा’ या वेल्श प्रकाशन संस्थेचं. जेम्स हे केवनाइथिनच्या खाणकामगाराचे चिरंजीव. वेल्श साहित्याचे अध्यापक, नौदलात रशियन शिकलेले, प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे १९७०च्या निवडणुकीतले उमेदवार. १९७१मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटिश लायन्सनी न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबरला, त्यांच्या लानेली क्लबाने न्यूझीलंडला ९-३ हरवलं. आणि वेल्सचं प्रशिक्षकपद? ते त्यांना कधीच मिळालं नाही. संघनिवडीत आपला शब्द अखेरचा असावा, ही त्यांची अट समित्यांच्या कारभारात बसणारी नव्हती. पुढे ते इटलीत रोव्हिगोला शिकवायला गेले. १९८३च्या जानेवारीत अॅमस्टरडॅमच्या हॉटेलात एकाकी वारले. अशी बुद्धी हाताशी असताना देशाने ती वापरली नाही, याची चुटपुट ही चरित्रं वाचताना लागून राहते.

फुटबॉलवरच्या पुस्तकांची फळी मात्र बराच काळ विरळ होती. ते अन्यायाचंच. वेल्सची फुटबॉल संघटना १८७६ची, रेक्समची. म्हणजे रग्बी युनियनहून जुनी. फुटबॉल उत्तरेचा आणि रग्बी दक्षिणेची ही वाटणी सगळे सांगतात. मार्टिन जोन्स यांनी १९०० ते १९३९च्या दक्षिण वेल्समधल्या फुटबॉलवरच्या आपल्या अभ्यासात ती मोडून काढली. १९२७मध्ये कार्डिफ सिटीने आर्सेनलला १-० हरवून एफए कप इंग्लंडबाहेर नेला. असं पुन्हा कधी घडलेलं नाही. चेंडू ज्याच्या हातून निसटून गोलमध्ये गेला, तो आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुइस रॉन्डा खोऱ्यातला वेल्शच!

१९५८च्या विश्वचषकाची कथा पुस्तकात यायला तर चाळीस वर्षं लागली. मारिओ रिसोली यांचं ‘व्हेन पेले ब्रोक अवर हार्ट्‌स’ १९९८चं. वेल्सचे प्रशिक्षक जिमी मर्फी हे मँचेस्टर युनायटेडचेही सहायक. ५ फेब्रुवारीला वेल्सचा इस्राएलशी कार्डिफला सामना होता म्हणून ते युनायटेडबरोबर परदेशातल्या सामन्याला गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी म्युनिकला त्या संघाचं विमान कोसळलं. चारच महिन्यांत मर्फी वेल्सला घेऊन स्वीडनला उतरले. उपांत्यपूर्व सामन्यात जखमी जॉन चार्ल्स बाहेर होता. १७ वर्षांच्या पेलेच्या एका गोलने खेळ खलास. त्यानंतर पुढचा विश्वचषक दिसायला २०२२ उजाडलं.

अलीकडची पुस्तकं आणखी मोकळेपणाने बोलतात. गॅरेथ टॉमस हा वेल्सचा माजी कर्णधार. आपण समलिंगी असल्याचं त्याने २००९मध्ये, अजून खेळत असताना जाहीर केलं. ‘प्राउड’ (२०१४) या आत्मचरित्रात तो त्याआधीच्या लपवाछपवीबद्दल आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट लिहितो. एकेकाळी लेखकाला शिक्षा देणाऱ्या खेळात आज असं पुस्तक लिहिता येतं, हा बदल लहान नाही.

रग्बीचे नियम ठाऊक नसलेल्या मराठी वाचकाने कारविन जेम्सपासून सुरुवात करावी. तिथे स्क्रमपेक्षा माणूस जास्त आहे. फुटबॉल आवडत असेल तर रिसोली. ‘फील्ड्‌स ऑफ प्रेज’ त्यानंतर घ्यावं. ग्रंथ जाडजूड आहे; पण दोन महायुद्धांमधल्या बेकारीच्या वर्षांवरचा भाग आधी वाचला तरी चालतं. सामने हरत असताना गावं कशी रिकामी होत होती, ते तिथे आहे.