पाच ओवऱ्यांचे तळे

यरुशलेमच्या मेंढरे दरवाजाजवळ एक तळे, भोवती पाच ओवऱ्या, आणि त्यांत आंधळे, लंगडे, लुळे पडून राहिलेले. योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय असा उघडतो. पाणी हलले की आधी उतरेल तो बरा होतो, अशी त्यांची समजूत. 38 वर्षे दुखण्याने खितपत पडलेल्या एकाला मात्र पाण्यात उतरवणारे कोणी नाही. येशू त्याला म्हणतो, ऊठ, बाज उचल आणि चालू लाग. देवदूत येऊन पाणी ढवळतो हा मजकूर सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीच. तो मागाहून शिरलेला.

अभ्यासकांना छळले ते ओवऱ्यांनी. चौकोनी तळ्याला बाजू चार, मग ओवऱ्या पाच कशा? हे मोशेच्या पाच ग्रंथांचे रूपक, असे म्हणून काही पंडितांनी तळेच कल्पनेत ढकलले. यात्रेकरूंना तोवर भलताच हौद, बिरकेत इस्राईल, दाखवला जाई. 1838 मध्ये यरुशलेम पाहणाऱ्या एडवर्ड रॉबिन्सनने तर थांबून थांबून उसळणाऱ्या गीहोन झऱ्याकडे बोट दाखवले. पाणी 'हलते' ना!

खरी जागा सापडली ती राजकारणाच्या आडवाटेने. क्रिमियाच्या युद्धानंतर, 1856 मध्ये, उस्मानी सुलतानाने यरुशलेममधले संत अॅनाचे जुने चर्च फ्रान्सच्या नेपोलियन तिसऱ्याला भेट दिले. त्याच आवारात पुढे तळ्याच्या खुणा लागल्या. कॉनराड शिकने 1888 मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. मोठे उत्खनन झाले 1956 नंतर. निघाले ते एक तळे नव्हे, शेजारी शेजारी दोन, सुमारे 13 मीटर खोल, मध्ये जवळपास 6 मीटर रुंदीचा बांध. चार बाजूंना चार आणि बांधावर पाचवी! हिशेब इतका चोख जुळला की 'शास्त्र सिद्ध झाले' असा गजर झाला. तो जरा घाईचा होता. ओवऱ्या जागच्या जागी उभ्या सापडल्या नाहीत. तुटके खांब आणि तळ्यांचा आराखडा यांवरून त्या मांडल्या आहेत.

नावाचा घोळ वेगळाच. काही हस्तलिखितांत बेथेस्दा, सिनाई प्रतीत बेथझाथा, पपायरसच्या जुन्या प्रतींत चक्क बेथसैदा, म्हणजे गालील समुद्राकाठचे गाव. 1952 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत तांब्याची गुंडाळी मिळाली. तीत अभ्यासक मिलिक यांनी बेथ एश्दाथाइन असे द्विवचनी नाव वाचले. दोन तळ्यांना द्विवचन, म्हणून बेथेस्दाचे पारडे जड झाले. पुढच्या वाचकांनी तीच अक्षरे निराळी लावली.

आता मुख्य गोष्ट: रोगी उतरत कुठे? 13 मीटर खोल पाण्यात पांगळ्याने उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. तळ्यांच्या पूर्वेला मात्र खडकात कोरलेल्या लहान गुहा, पायऱ्या आणि न्हाणीकुंडे आहेत. रोमन काळात इथे आरोग्यदेव अॅस्क्लेपिअसचे ठाणे असावे. याच परिसरात संगमरवरी पाऊल मिळाले. त्यावर पोम्पेया लुसिलिया हिचे नाव ग्रीक अक्षरांत कोरले आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणाऱ्याला ते पाऊल कशाचे, हे सांगावे लागणार नाही. पण हे पाऊल योहानाने सांगितलेल्या प्रसंगानंतरचे, दुसऱ्या शतकाच्या आसपासचे. पुरातत्त्वज्ञ शिमोन गिब्सन यांच्या मते दक्षिणेचे तळे ज्यूंच्या शुद्धिस्नानाचे होते. त्याच्या पायऱ्या आणि मधले रुंद टप्पे त्यासाठीच. उत्तरेच्या तळ्यातले साठवणीचे पाणी बांधातल्या वाटेने तिकडे सोडले, की पाणी हलणारच.