गिटार इतकी बारीक का?

या आठवड्यात मिनिटमेन या अमेरिकन बँडच्या ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ या अल्बमला हात घालायचं कबूल केलं होतं. तो बेत पुढे ढकलतोय, आणि त्याला कारण साताऱ्याचे एक वाचक. ते लिहितात, ‘तुम्ही सुचवलेली मिनिटमेनची गाणी मोबाइलवर ऐकली. गाणी चटपटीत आहेत, पण गिटार पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी येते. रेकॉर्डिंग स्वस्तातलं होतं म्हणून का?’

रेकॉर्डिंग स्वस्तातलं होतं यात वाद नाही. चाळीसहून जास्त गाण्यांचा तो डबल अल्बम जेमतेम अकराशे डॉलरमध्ये उरकला होता आणि त्याचं मिक्सिंग एका रात्रीत झालं होतं. पण गिटारचा आणि पैशांचा काही संबंध नाही. ती तशी वाजावी म्हणून बँडचा गिटारवाला डी. बून याने मुद्दाम खटपट केली होती. हा माझा फार लाडका विषय आहे, त्यामुळे आजचा लेखांक त्यातच जाणार.

बूनला ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी एखादी जुनी चित्रफीत काढून बघावी. चांगला आडवातिडवा, दांडगा माणूस. वाजवताना अंगाचा विचार न करता उड्या मारतो, घामाने निथळतो. असा गडी गिटार हातात घेतो तेव्हा आपण कानठळ्या बसायची तयारी ठेवतो. आणि येतं काय, तर चरचरीत, टोकदार, थोडं किरकिरंच म्हणावं असं काहीतरी. अँपवरचं ट्रेबलचं बटण पार वर आणि बासचं पार खाली. बहुतेक रॉक गिटारवाले याच्या नेमकं उलट करतात.

याचं मूळ लॉस एंजेलिसच्या सॅन पेड्रो भागात आहे. बून आणि बँडचा बासवाला माइक वॉट तेराव्या वर्षी भेटले. वॉटने बास वाजवावा ही कल्पना बूनच्या आईची. गंमत म्हणजे बास हे वेगळं वाद्य असतं हेच दोघांना धड ठाऊक नव्हतं. वॉटने सुरुवातीला साध्या गिटारवर चारच तारा ठेवून काम भागवलं. कळणार तरी कुठून? सत्तरच्या दशकातल्या मोठमोठ्या मैदानी कार्यक्रमांत बास ऐकूच यायचा नाही. पोरांच्या बँडमध्येही रिवाज असा, की ज्याला दुसरं काही जमत नाही त्याच्या गळ्यात बास अडकवायचा.

तो ऐकू का येत नाही, याचं कारण साधं आहे. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते आणि गिटारची सर्वांत जाड तार ८२ वेळा. म्हणजे गिटार बासच्या बरोबर एक सप्तक वर बसते. आता बासचा सूर आपण नुसत्या त्या ४१ वर ओळखत नाही. त्याच्या वर ८२, १२३, १६४ असे जे उपसूर वाजत असतात त्यांवरून कान तो पकडतो. गिटारवाल्याने अँप जड केला आणि वर आवाज फाडून, घोगरा करून वाजवला, की नेमका तोच पट्टा भरून जातो. बास मग पोटात घुमतो, पण तो काय वाजवतोय ते कळत नाही. एसटीच्या तिघांच्या बाकावर एकजण पाय फाकवून बसला की उरलेल्या दोघांचं जे होतं, तेच.

बूनने पाय आवरून घेतले, एवढंच. त्याने गिटार वरच्या पट्टीत नेली, खालचं सगळं रान वॉटला मोकळं सोडलं, आणि मधल्या फटींतून जॉर्ज हर्लीचे ड्रम दिसायला लागले. जुन्या रिदम अँड ब्ल्यूजच्या रेकॉर्डींत गिटार अशीच बारीक असते आणि बास पुढे असतो. ते बूनच्या कानात होतंच. पण वॉट पुढे मुलाखतींमधून सांगत आलाय की बूनच्या लेखी यात राजकारणही होतं. रॉक बँडमध्ये गिटारवाला जमीनदार आणि बाकीचे कुळं, ही रचना त्याला मान्य नव्हती. कामगारांच्या हक्कांवर आणि मध्य अमेरिकेतल्या युद्धांवर गाणी लिहिणारे त्या काळात आणखीही होते. अँपच्या बटणांपर्यंत तो विचार नेणारा दुसरा मला तरी माहीत नाही.

‘त्याला भरदार वाजवता येत नसेल’ अशी शंका असेल तर ‘कोहीजन’ ऐका. त्यात बून एकटाच आहे, हातात अकूस्टिक गिटार, थोडा स्पॅनिश बाज. सूर कसा गोल, भरलेला आहे बघा. तिथे दुसरं कोणी जागा मागत नव्हतं, म्हणून त्याने ती घेतली.

त्यानंतर लगेच ‘द ग्लोरी ऑफ मॅन’ लावा. पहिल्यांदा ऐकताना गिटारकडे लक्षच देऊ नका. वॉटचा बास गाणं ओढत नेतोय, त्याच्या बरोबरीने नुसतं गुणगुणा. दुसऱ्या वेळी गिटार ऐका. आता तुम्हाला ती ‘बारीक’ वाटणार नाही. ती बासच्या दोन वाक्यांमधे नेमकी कुठे टोचते आणि कुठे गप्प बसते ते दिसेल.

मात्र हे मोबाइलच्या स्पीकरवर करू नका. सातारकरांच्या तक्रारीचा अर्धा उलगडा तिथेच आहे. त्या नखाएवढ्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेर पडतच नाहीत. इतर रॉक बँड त्यातूनही निभावून जातात, कारण त्यांचं सगळं वजन गिटारवर असतं. मिनिटमेनचं तसं नाही. बास गेला की बूनने ज्याच्यासाठी जागा सोडली तोच गायब, आणि उरतो तो पत्र्याचा डबा. साधे वायरचे इअरफोन चालतील. महागातलं काही लागत नाही.

याला एक मजेदार अपवाद आहे, ‘कोरोना’. (रोगाशी संबंध नाही, गाणं १९८४ चं.) मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ही मंडळी बिअर पीत बसलेली असताना एक गरीब बाई रिकाम्या बाटल्या गोळा करायला आली, बाटलीमागे चार पैसे मिळतात म्हणून. ते बूनच्या डोक्यातून जाईना, त्यातून हे गाणं झालं. त्याच्या सुरुवातीची नाचरी, झणझणीत गिटार इतकी धारदार आहे की टीव्हीच्या भिकार स्पीकरलाही ती दाबता येत नाही. २००० साली एमटीव्हीवर ‘जॅकअॅस’ नावाचा अंगावर इजा ओढवून घेण्याचा आचरट कार्यक्रम सुरू झाला, त्याचं शीर्षकसंगीत म्हणून हीच सुरावट घेतली गेली. बाटल्या वेचणाऱ्या बाईच्या गाण्यावर पोरं ढुंगणावर आपटताहेत, हे मला बरीच वर्षं खुपत होतं. मग कळलं की त्यातून आलेले पैसे बूनच्या आजारी वडिलांच्या कामी आले. बून स्वतः १९८५ च्या डिसेंबरातच गेलेला होता. तेव्हापासून त्या कार्यक्रमावर तोंडसुख घेणं बंद केलंय. तो बघत मात्र अजूनही नाही.

‘डबल निकल्स’ आता पुढच्या आठवड्यात, आणि तेव्हा नक्की. तोवर हुस्कर डू या बँडचा ‘झेन आर्केड’ हा अल्बम मिळवून ऐकून ठेवा. मिनिटमेनचा अल्बम आधी एकेरीच होता. हुस्कर डू दुहेरी काढताहेत हे कळल्यावर ही तिघं इरेला पेटली आणि आणखी गाणी लिहायला बसली. ती चुरस समजून घ्यायची तर आधी दुसऱ्या बाजूने काय टाकलं होतं ते ठाऊक हवं. त्यात गिटार अजिबात बारीक नाही, सातारकर खूश होतील.