मायबाप कंपनी

'मायबाप' या शब्दात जिव्हाळा आहे, तसा अधिकारही आहे. लेकराचे हित कशात, हे आईबापच ठरवतात. पिंपरी-चिंचवड ते चाकणच्या पट्ट्यात कुणी कंपनीला मायबाप म्हणतो, तेव्हा हा दुसरा अर्थही नकळत मान्य होतो. मग कँटीनचे जेवण मेहरबानी वाटू लागते. वास्तविक अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच झाली होती. हक्क उपकार म्हणून हाती ठेवला, की घेणाऱ्याने मान खाली घालावी ही अपेक्षा आलीच. 'तुझ्या भल्याचंच सांगतोय' हे वाक्य म्हणूनच धमकीपेक्षा जड जाते. धमकीला विरोध करता येतो. मायेला विरोध करणारा कृतघ्न ठरतो.

कोणी म्हणेल, शॉपवरचे जुने कामगार नव्या पोराला 'बाळा' म्हणतात, तेही वाईट का? मुळीच नाही. हाक कोणती यापेक्षा उलट बोलायची मुभा आहे का, ते पाहावे. २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील संघटनेने प्रत्येक कामगाराला सवलतीत ५०० शेअर मागितले. कंपनीने मागणी नाकारली. संप सुमारे ५० दिवस चालला. शेअर द्यावेत का, यावर मतभेद रास्तच. पण बक्षीस मागणारा मर्जीकडे पाहतो, शेअर मागणारा मालकीत वाटा मागतो, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. कंत्राटी हेल्परला तर साधे गाऱ्हाणे मांडतानाही उद्याच्या कामाची धास्ती असते.