दुखणे सोसू नका, जेवण सोडू नका

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील कॅन्सरच्या रुग्णांना उपचारासाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. ऑपरेशन, केमोथेरपी, शेक (रेडिएशन) हे सर्व तिकडे होते. पुढचे कित्येक आठवडे मात्र रुग्ण घरीच असतो आणि त्याची काळजी आपल्याच हाती असते. म्हणून ही माहिती.

वेदना आणि जेवण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तोंड किंवा घसा दुखत असला की घास उतरत नाही, खाणे कमी झाले की वजन व ताकद घटते आणि जखम भरायला वेळ लागतो. अशक्तपणा फार वाढला तर पुढचा उपचारही लांबणीवर पडू शकतो. त्यामुळे आधी दुखणे आटोक्यात आणावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली. त्यातील मुख्य सूत्र आजही कायम आहे: सतत दुखत असेल तर गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, असह्य होण्याची वाट पाहायची नाही. आपल्याकडे मात्र ‘होईल तेवढे सोसावे’ असे म्हणत गोळी उशीखाली ठेवून देणारे पुष्कळ. तोंड दुखत असल्यास जेवणाआधी किती वेळ गोळी घ्यावी, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

मॉर्फिनचे नाव काढले की घरात सगळे घाबरतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर हे औषध रुग्णालयांनाही मिळेनासे झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी केली. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबतच मागून घ्यावे. गोळी मनाने वाढवू नये, एकदम बंदही करू नये आणि कुलपात ठेवावी. रुग्ण हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. दुकानातून इतर वेदनाशामक गोळ्या आणून देऊ नयेत; केमोच्या काळात काहींनी रक्तस्राव वाढतो.

आता जेवण. आपला भाग संत्र्यांचा, भेटायला येणारा पिशवीभर संत्री घेऊनच येतो. पण तोंड आले असेल तर संत्र्याचा रस आगीसारखा झोंबतो. अशा वेळी केळे, पपई, चिकू बरे. तिखट रस्सा काही दिवस बाजूला ठेवावा. मऊ खिचडी, तूप घातलेले वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकर, शिरा, अंडे असे द्यावे. एक लिटर कोमट पाण्यात मीठ व खायचा सोडा एकेक लहान चमचा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरल्यास आराम पडतो.

‘दूध-साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ हा सल्ला गावोगाव फिरतो. त्याला आधार नाही. उपाशी राहतो तो रुग्णच! (मधुमेह असेल तर साखरेचे पथ्य डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.) या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर डाळीत 7 ग्रॅमच्या आसपास. एवढे दोन वेळच्या ताटात बसत नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे. पातळ वरणात दूध पावडर किंवा दाण्याचे बारीक कूटही चालते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी विचारावे.

ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर केमोच्या रुग्णाला घरी ठेवू नये, रात्र असली तरी रुग्णालयाला कळवावे.

विद्यार्थी मित्रहो, यात तुमच्याजोगे एक काम आहे. एक वही करा. गोळी किती वाजता दिली, दुखणे 0 ते 10 पैकी किती, काय खाल्ले, आठवड्याचे वजन किती, हे रोज लिहा. ‘बरे आहे’ एवढेच सांगण्यापेक्षा नागपूरच्या पुढच्या खेपेला हीच वही डॉक्टरांपुढे ठेवा.